रहिमतपूरच्या बाजारातली कुऱ्हाड
कुऱ्हाडीच्या दांड्याला करडईचं तेल चोळलं, की त्या वासासरशी मला रहिमतपूरचा बाजार आठवतो. माझे यजमान तेव्हा फौजेत होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी संपत होती आणि उसाच्या बांधावरच्या कोवळ्या बाभळी तोडायच्या तशाच राहिल्या होत्या. भर उन्हात लोहारापुढं बसून हे एकेक कुऱ्हाड उचलत, तोलून बघत, परत ठेवत. माझा सगळा जीव एस.टी.त आणि घरी न भरलेल्या ट्रंकेत अडकलेला. "आवं, घ्या की एखादी!" मी वैतागले. "बाभळ लय कठीण. पातळ धार तुटती," म्हणत त्यांनी जाड धारेची, पण वजनाला हलकी कुऱ्हाड माझ्याच हातात दिली. "खांद्यापतुर ने. जड न्हाई ना?" "तोडणार तुमी, आन् मला काय इचारताय?" "मी उद्या जातोय. तोडणार तू." मी कुऱ्हाड खांद्यापर्यंत नेऊन बघितली. परतीच्या एस.टी.त मी ती मांडीवर घेऊन बसले, तरी बोट सारखं धारेकडंच जात होतं. आता हे रिटायर होऊन घरी आलेत. काल तीच कुऱ्हाड उचलून म्हणाले, "लय हलकी हाय गं. बदलून टाकू." मी ती हातातून काढून घेतली. "तुमाला दुसरी आणा. ही माझी हाय."