राघो म्हात्र्यांनी पाहिलेलं कराडचं स्थळ

ठाकुर्लीच्या राघो म्हात्र्यांनी भावकीतल्या डझनभर मुलींची लग्नं जमवली. सगळ्या सुखात नांदल्या, याचं श्रेय ते जावयांना अजिबात देत नसत. स्थळ पाहायला जायचं ते न कळवता. पाणी मागून प्यायचं, मोरी बघायची, आणि चहा कितीही फक्कड असो, जागेवर होकार द्यायचा नाही. "घरी इचारून कलवतो," म्हणून उठायचं.

१९८९ साली त्यांची मंजुळा बारावी झाली. मार्क चांगले, म्हणजे गावात पेढे वाटण्याइतके. मुंबईच्या कॉलेजांनी ओळख दाखवावी इतके नव्हेत. तिला इलेक्ट्रिकल इंजिनियर व्हायचं होतं. आवाक्यात होतं ते कराडचं सरकारी कॉलेज.

राघोकाका न कळवता कराडला जाऊन आले. मुलींच्या हॉस्टेलात पाणी प्यायले, मोरी पाहिली, रखवालदाराचं मूळ गावही काढलं. पण परतल्यावर तोंड उघडेनात.

"अवो, पोरीला काय ता सांगा तरी," मंजुळेची आई ठमाकाकू म्हणाल्या.

"बगू."

हे 'बगू' प्रवेशाच्या दिवसापर्यंत टिकलं.

हॉलमध्ये गुणांच्या क्रमाने हाका चालल्या होत्या. फळ्यावर प्रत्येक कॉलेजपुढे शिल्लक जागा. कुणी जागा घेतली की शिपाई फडक्याने आकडा पुसून एकाने कमी करी. कराड इलेक्ट्रिकलपुढे तीन होते. मंजुळेच्या आधी चार मुलं होती. पहिल्याने सिव्हिल घेतलं. मंजुळेने त्याला मनातल्या मनात दीर्घायुष्य चिंतलं. दुसऱ्याने इलेक्ट्रिकल. तिसरा बराच वेळ डोकं खाजवून पुण्याकडे वळला. चौथा इलेक्ट्रिकल. फडकं फिरलं. एक.

"म्हात्रे मंजुळा राघो!"

बापलेक दोघं टेबलाशी गेली. "कराड, इलेक्ट्रिकल, शेवटची जागा," कारकून म्हणाला. "घेताय?"

मंजुळेने बापाकडे पाहिलं. टेबलापलीकडच्या माणसाने असं सरळ विचारल्यावर राघोकाकांच्या तोंडून जे वर्षानुवर्षं निघत आलं होतं तेच निघालं.

"घरी इचारून कलवतो."

"काका, इथे सोयरीक जमवायला आलात का? नाही म्हणून लिहू?" कारकुनाने पेन कागदावर टेकवलं. मागचा मुलगा न बोलावताच पुढे सरकला होता. त्याचे वडील कुजबुजले, "तेच घे हां, तेच!"

मंजुळेने बापाची बाही ओढली. "मंग मना इचारा ना, बाबा. मी घरचीच हाय."

राघोकाकांनी मान खाली घातली. "तिथं ताजी मच्छी नाय भेटत गो."

"नाय तर नाय."

"काका, लवकर!"

"आन तू आजारी परलीस, तर मी कवा पोचेन?"

मंजुळा कारकुनाकडे वळली. "घेतली."

बापासमोर परक्या माणसाला तिने परस्पर दिलेला हा पहिलाच होकार. कारकुनाने फॉर्म राघोकाकांपुढे सरकवला. "पालकांची सही."

पेन हातात घेऊन राघोकाका नुसतेच उभे. मागचे गृहस्थ आशेने टाचा उंचावून पाहू लागले. अखेर काकांनी सही केली, एकेक अक्षर कागद फाटेल इतकं दाबून. कारकुनाने फॉर्म ओढला. तो येईना. दुसरं टोक काकांनी गच्च धरलं होतं.

"अहो काका, सोडा आता!"

"सोरतो रे," राघोकाका म्हणाले. "जरा दम खाव दे."