खिळ्यावरची किल्ली

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी इमारत ‘दानशूर’ म्हणायची. तोंडावर कौतुकाने, पाठीमागे हसून. त्याच्या जुन्या गाडीची किल्ली दाराआडच्या खिळ्याला टांगलेली असे आणि जो मागेल त्याच्या हातात पडे. कुणाला स्टेशन गाठायचं असे, कुणाला गाद्या न्यायच्या असत. स्वारी फक्त म्हणायची, “सावकाश चालवा.” माणूस भिडस्त, दुसरं काय!

गाडी मुळात घेतली होती बायकोसाठी. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती, दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागे. परतताना तिला बसवतसुद्धा नसे. ती मागच्या सीटवर आडवी व्हायची आणि हा खड्डे चुकवत, मागच्या गाडीवाल्यांच्या शिव्या खात तिला घरी आणायचा.

एका सकाळी बायकोचा धाकटा भाऊ आला. “दाजी, तासाभरात आणून लावतो.” हा गृहस्थ गोड बोलून काम काढण्यात पटाईत. त्याने वळणावर एका सायकलवाल्याला उडवलं आणि गाडी खांबावर घातली. सायकलवाल्याचा पाय मोडला, गाडीचा पुढचा भाग पार चेपला. मेहुण्याला मात्र खरचटलंही नाही.

“विमा आहे की,” दानशूर सगळ्यांना सांगत सुटला. विमा त्याने कधी चुकवला नव्हता.

विमा कंपनीची बाई गॅरेजमध्ये आली. बोलायला साधी, सरळ.

“तुमच्या मेहुण्यांचा परवाना दोन वर्षांपूर्वीच संपलाय. गाडी तुम्हाला न विचारता नेली होती का?”

तो दुखावलाच. “चोर आहे का तो? मी स्वतःच्या हाताने किल्ली दिली.”

“देताना परवाना पाहिलात?”

“बायकोच्या भावाकडे परवाना मागू? काहीतरीच काय, बाई!”

बाईंनी ते लिहून घेतलं. मग समजावलं, की गाडी दुसऱ्याला दिली तरी विमा लागू असतो, पण चालवणाऱ्याचा परवाना चालू हवा आणि तो पाहणं मालकाचं काम. आता गाडीचं काहीच मिळणार नाही. सायकलवाल्याची भरपाई कंपनी देईल, पण ती दानशूराकडून वसूल करेल. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

मेहुणा फोन उचलेनासा झाला. गाडी भंगारात गेली. बायको म्हणाली, “माझा भाऊ म्हणूनच दिलीत ना?” त्याला तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. जेवण कुणालाच गेलं नाही.

डायलिसिसच्या दिवशी तो वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्याकडे गाडी मागायला गेला. मुलीच्या लग्नात या बँकवाल्याने हीच गाडी आठवडाभर दामटली होती. आता त्याच्या दारात नवी गाडी होती.

“परवाना बघू?” बँकवाला म्हणाला.

त्याने काढून दिला. बँकवाल्याने दोन्ही बाजूंनी नीट वाचला आणि परत केला. “राग मानू नका हं. तुमचं पाहून आम्ही धसकाच घेतलाय. गाडी कुणालाच द्यायची नाही असं ठरवलंय.”

तो खाली आला. बायको चपला घालून, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

“मिळाली?”

“परवाना चालू आहे म्हणाला,” त्याने सांगितलं आणि तिला हाताला धरून उठवलं. “चल, बस चुकेल.”