देवराईतले बूट

“या गावकऱ्यांना सांग, आजवर या जंगलाला कुणी वालीच नव्हता,” वनखात्याचे साहेब माझ्या कानाशी कुजबुजले. दोन देशांनी मिळून जपायच्या जंगलांत ही देवराई घ्यायची होती आणि पाहुण्यांचं इंग्रजी गावाला मराठीत सांगायला मला आणलं होतं.

पाहुणे आणि साहेब बूट घालूनच आत शिरले. गावकऱ्यांनी मात्र चपला बाहेर काढल्या होत्या. एका पाहुण्याने तोंडातला च्युइंगगम काढून जुन्या बेहड्याच्या सालीला चिकटवला. तो ओला गुलाबी गोळा तिथेच राहिला. इथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. आणि देवराईला कुंपण झालं की या गावकऱ्यांनाच आत यायला परवानगी लागणार.

“काय म्हणतोय गो तो साहेब?” गावातल्या सखूमावशींनी विचारलं. “आमच्या राखणीचं काय बोलला?”

राखण. माझ्या शाळेत याला ‘प्रोटेक्शन’ म्हणत. त्यासाठी चपला काढाव्या लागत नसत.

नेहमीसारखी मी मान खाली घातली, तर समोर चिखलाने भरलेले बूटच दिसले. मी साहेबांकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सर, आधी बूट काढा. मग सांगते.”