उतरलं की बसायचं नाही

तिकीट काढायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे भास्करभाऊ नंतर बघत; आधी पायांकडे बघत. चपला कुठल्या, टाचांना भेगा आहेत का, गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढलात की सरळ आलात, हे सगळं तुम्ही खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी टिपलेलं असे. मग प्रश्न येई, "कोण जाणार? एकटं?" अमेरिकेत कुठल्या गावी जायचंय, हे ते तिसऱ्या नाहीतर चौथ्या प्रश्नाला विचारत. पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस चपलांचं दुकान टाकायचं सोडून चुकून तिकिटांच्या धंद्यात शिरला.

उधना स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं एका शटरचं दुकान होतं. आता भाऊ अमळनेरकडे गावी राहतात आणि त्या जागेत मोबाइलची काच बदलून मिळते. तरुणपणी ते पॉवरलूमवर काम करायला सुरतेत आले. मागांच्या खडखडाटाने कान जरा मंद झाले होते, म्हणून ते साधं "बसा" म्हणाले तरी रस्त्यावरची माणसं वळून बघत. आधी गाववाल्यांची रेल्वेची तिकिटं काढून देत. मग त्याच लोकांची पोरं शिकून अमेरिका-कॅनडाला निघाली, तसे भाऊही विमानांकडे वळले. स्वतः मात्र कधी विमानात बसले नव्हते. परत आलेल्या प्रत्येकाला ते चहा पाजत आणि पोलिसासारखी उलटतपासणी घेत. पाण्याचा नळ कुठे होता? सरकता जिना होता की साधा? बाकावर आडवं होता येतं का? सगळं एका जाडजूड वहीत उतरवलेलं. जगातल्या विमानतळांचा असा हिशेब कुठल्या कंपनीकडे नसेल.

"तिकीट खिसा पाहीसन नही," ते म्हणत, "पाय पाहीसन काढानं."

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका, त्यामुळे ते मला "बाई" म्हणत. माझी धाकटी बहीण मीनल बॉस्टनला. जानेवारीच्या शेवटी तिचं बाळंतपण होतं. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं, तेव्हा आई इथे फोन कानाला लावून नुसती रडत बसली होती. या वेळी मीनलचं एकच म्हणणं होतं, "मला दवाखान्यात नेतील तेव्हा आई जवळ पाहिजे." मला सुट्टी मिळणार नव्हती, व्हिसाही नव्हता. आई सदुसष्ट वर्षांची. घरात अहिराणी, शेजारी गुजराती, आणि इंग्रजीत "थँक्यू" एवढा एकच शब्द. तिला एकटीलाच जायचं होतं.

मी फोनवर विमान आधीच शोधून ठेवलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. सगळ्यात कमी वेळात पोचवणारं. मध्ये युरोपातल्या एका भल्यामोठ्या विमानतळावर एक तास वीस मिनिटं. भाऊंनी ते पाहिलं, "झकास" म्हणाले आणि माझा फोन टेबलावर पालथा घातला.

"आक्काले पुलावर लई चाला," माझ्याशेजारी बसलेल्या आईकडे बघत ते उठले.

ही त्यांची परीक्षा उधन्यात प्रसिद्ध होती. खांद्याला बॅग द्यायची, स्टेशनचा पादचारी पूल चढायचा, पलीकडे उतरायचं, परत यायचं. भाऊ मागून घड्याळ धरून चालणार. आई पदर खोचून निघाली ती तरातरा वर गेली. पलीकडे उतरल्यावर मात्र तिला आमच्या जुन्या चाळीतल्या लताबाई भेटल्या. मग एक मेथीवाली भेटली. मग एक अनोळखी बाई रडत होती, तिची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते आईने स्वतः जाऊन विचारून आणलं. आम्ही खांबाला टेकून उभे.

"चालायला अठरा मिनिटं," भाऊंनी निकाल जाहीर केला. "बोलायला सव्वीस."

आई लाजली नाही. "मग? माणूस दिसल्यावर तोंड शिवून घ्यायचं का?"

मला राग आला होता. दुकानात आल्यावर मी म्हटलं, "भाऊ, विमानतळावर पाट्या असतात, माणसं असतात. लोक बदलतातच ना विमानं! उगाच बाऊ करताय."

भाऊंनी घड्याळ खिशात टाकलं. मग, त्यांच्या मानाने हळू आवाजात, त्यांनी तात्यांची गोष्ट सांगितली. तात्या मागच्या गल्लीतले, त्यांच्याच कारखान्यातले जुने सहकारी. सात वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा अमेरिकेत पदवी घेणार होता. उभ्या घराण्यात पहिलाच. तो समारंभ बघायला तात्या निघाले. भाऊंनी स्वस्तातलं, झटपट पोचणारं तिकीट काढून दिलं. तात्या मधल्या विमानतळावर उतरले आणि उतरल्या दारासमोरच्या बाकावर बसून राहिले. आमच्या खानदेशातला माणूस जळगावला गाडी बदलतो ती अशीच. उतरायचं, पिशवी पायाशी घ्यायची, बाकावर बसायचं; पुढची गाडी त्याच नाहीतर शेजारच्या फलाटावर येते. तात्यांनी विमानालाही तोच नियम लावला. विमान दुसऱ्या टोकाला लागलं आणि निघूनही गेलं. ते बॉस्टनला पोचले तेव्हा समारंभ होऊन एक दिवस उलटला होता.

"परत आले तर माझ्यासाठी चॉकलेटचा डबा घेऊन आले," भाऊ म्हणाले. "म्हणाले, 'भास्कर, तुन्हं तिकीट बराबर व्हतं, मीच बसी ऱ्हायनू.' शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, बाई."

तेव्हापासून भाऊ घरी जाताना त्या गल्लीतून जात नसत. मोठा वळसा घालून, कापडबाजाराच्या टेम्पोंच्या गर्दीतून जात. तो वळसा मी कितीदा पाहिला होता. मला वाटायचं, भाजी घ्यायला जातात.

मग आमचं तिकीट ठरायला तीन दिवस लागले. दिल्लीहून नको, पौषात धुकं असतं. सुरतहून मुंबईला विमानाने नको, एक बदल वाढतो, गाडीने जा. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं तर नकोच, मध्येच सामान घेऊन परत द्यावं लागतं. बॉस्टनला दिवसाउजेडी उतरणारं पाहिजे. शेवटी मुंबईहून युरोपातला एक लहान विमानतळ, दोन्हीकडे एकच कंपनी, सामान थेट बॉस्टनला आणि मध्ये पाच तास, असं जमलं.

"पाच तास ती करणार काय?" मी विचारलं.

"बोलेल," भाऊ म्हणाले.

उरला प्रश्न चाकाच्या खुर्चीचा. ती मागितली की न्यायला माणूस मिळतो, चुकायची भीती नाही. पण आई ऐकेना. "मी काय लंगडी आहे? मुंबईत कोणी ओळखीचं भेटलं तर गावभर होईल." मी समजावलं, चिडले, मीनलला फोनवर रडायला लावलं. काही उपयोग नाही. भाऊंनी शांतपणे विचारलं, "आक्का, नवरदेव घोडावर बसस, तव्हय त्याना पाय मोडेल ऱ्हातस का?"

आई इतकी हसली की तिथेच हरली. निघेपर्यंत भाऊंनी तिच्याकडून एकच वाक्य घोकून घेतलं: उतरलं की बसायचं नाही.

मुंबईला तिला सोडून मी सकाळच्या गाडीने परतले ती थेट दुकानात आले. आईचं पहिलं विमान वेळेवर उतरल्याचं संगणकावर दिसत होतं. पण पुढच्या विमानाच्या दारापर्यंत ती पोचली का, हे कुठलाच संगणक सांगत नव्हता. भाऊंनी त्या दिवशी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. "काले आवजो," म्हणून सगळ्यांना उद्यावर ढकलून वाटेला लावलं. डबा तसाच राहिला. एक वाजला, दोन वाजले. माझ्या डोळ्यांसमोर आई कुठल्यातरी बाकावर पिशवी पायाशी घेऊन बसलेली दिसायला लागली आणि मी भाऊंवर, मीनलवर, अमेरिकेवर, सगळ्यांवर मनातल्या मनात चिडले.

तीनला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी बसले गं," आईचा ठणठणीत आवाज. "पुढच्या विमानाच्या दारापाशी. भास्करला सांग." मी फोनचा स्पीकर लावला. खुर्चीवाल्यांना सगळ्यांत शेवटी उतरवतात, त्यामुळे आई बाहेर आली तेव्हा सगळे पांगले होते. फक्त एक बारडोलीचं म्हातारं जोडपं उतरल्या दारासमोर बाकावर बसलं होतं. पिशव्या पायाशी. "मी खुर्ची ढकलणाऱ्याला थांबवलं. विचारलं, 'बेन, क्यां जवानुं?' तर बॉस्टनच! म्हटलं, उठा, उतरलं की बसायचं नाही. त्यांच्याच फोनवरून बोलतेय. त्यांचा मुलगा घ्यायला येणारे."

भाऊ फोनजवळ वाकले. "आक्का, ते दोघं आहेत ना जवळ?"

"हे काय, ढोकळा खाताहेत."

आई वेळेवर पोचली आणि नवव्या दिवशी मीनलला मुलगी झाली. दवाखान्यात आईचा हात तिच्या हातात होता. पण ते नंतर. त्या दुपारी भाऊंनी फोन माझ्या हातात दिला, उपरण्याने तोंड पुसलं आणि शटर ओढलं. "चला बाई." चालू लागले ते सरळ मागच्या गल्लीत.

तात्या ओट्यावर बसले होते. भाऊंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते जोडपं, तो बाक, आईने त्यांना उठवलं ते. शेवटी म्हणाले, "तात्या, तुमची चूक नव्हती. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

तात्या म्हणाले, "सात वरीस लागनात तुले ही गल्ली चढाले? मन्ही नात तीन वरीसनी व्हई गयी. आजून मांडीवर लिधी नही."

"तात्या, मग परत अमेरिकेला गेला का नाहीत?" माझ्या तोंडून निघालं. "सुरतेत तिकीट काढणारे काय कमी आहेत?"

"दुसरा कोन्ही पाय पाहस का?" तात्या म्हणाले.

भाऊंनी खाली पाहिलं. तात्यांचे पाय, जुन्या रबरी चपला, डाव्या अंगठ्याला बांधलेली चिंधी, सगळं नीट पाहिलं. मग खिशातून घड्याळ काढलं.

"ऊठा तात्या," ते म्हणाले, आणि अख्ख्या गल्लीने वळून पाहिलं. "पुलावर चाला."