बाबांची खाटेवरून सुटका

माझ्या श्रद्धेला तडा गेला होता, हे आधी कबूल करतो. मी अमरावतीच्या कॉलेजात नुकताच दाखल झालो होतो, तेव्हा बाबांना हृदयविकाराचा झटका आला. आमचे घर अकोल्याजवळचे, फुलमळेवाल्यांचे. घरात इंग्रजी शिकलेला मीच पहिला. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला आराम बाबांना पाळायला लावणे माझ्याकडे आले. सहा आठवड्यांनी बाबा उठून बसले, पण माझी भीती काही गेली नाही. मळ्यात जायचे नाही, विहिरीकडे फिरकायचे नाही, फुलांना हातही लावायचा नाही. दर रविवारी घरी येऊन मी चौकशी करी. माय म्हणे, "यायले लोणच्याच्या बरणीवानी ठेवलं बाप्पा तुनं!" डॉक्टरांना पुन्हा विचारायला जायचे धैर्य मला होत नव्हते. दोन वर्षे अशीच गेली. देवीने बाबांना जगवले होते, पण ते भिंतीकडे तोंड करून पडून असत. मग ही कृपा कसली, असे मनात येई.

नवरात्रात बाबांना अमरावतीला देवीच्या दर्शनासाठी आणले. टांग्यातून उतरवून एका हारवालीच्या ओट्यावर बसवले आणि मी रांगेत जागा धरायला गेलो. परत येतो तो दोघांचे भांडण जुंपलेले. आमच्याकडे केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, धाग्याने झेंडू बांधतात आणि प्रत्येक फुलामागे गाठ देतात. ती बाई मात्र सुईने भराभर ओवत होती, आणि बाबांना ते बघवेना.

"लय शाने असान तं करून दावा ना भाऊ! नुसतं तोंडच कावून चालवता?"

"दावतो. पण धागा तरी बरा दे बाई."

"घ्या! आता धाग्यालेई नावं!"

मी धावलो. "बाबा, नका!"

बाईने माझ्याकडे पाहिले. "कावून रे? फुलाचं का वजन रायते?"

बाबांनी धागा हातात घेतलाही होता. बाबांचे तीन हार होईपर्यंत मी त्यांच्या छातीकडे बघत उभा राहिलो. श्वास संथ होता. दोन वर्षांत पहिल्यांदा ते हसत होते. आमची रांग केव्हाच पुढे गेली होती.

दुसऱ्याच आठवड्यात मी बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. बाबांना तपासून ते म्हणाले, "आराम मी सहा आठवड्यांचा सांगितला होता. हा दोन वर्षांचा कोणी सांगितला?" मी खाली मान घातली. रोज चाला, हलके काम करा, ओझे उचलू नका, छाती भरून आली की थांबा, एवढेच त्यांचे म्हणणे.

याला आता वर्ष झाले. बाबा मळ्यापर्यंत चालत जातात, चढावर दम खातात. एखादा दिवस वाईट निघतो, तेव्हा पडून राहतात. टोपली माय उचलते. त्या बाईला देवीने धाडले होते की तिला बाबांचा नुसता राग आला होता, मला सांगता येणार नाही. मी फक्त हात जोडतो.

गेल्या महिन्यात बाबा आत्याकडे मूर्तिजापूरला निघाले, तेही एकटे. अकोला स्टेशनावर माझ्या सूचना संपेनात. शेवटी ते खिडकीतून म्हणाले, "पोट्ट्या, माह्यासंगं देवी हाय. तू जा, अभ्यास कर."

गाडी हलली. मी जागेवरच उभा राहिलो आणि ती दिसेनाशी होऊ दिली.