झुंबरबाईंनी काडतूस निवडलं

सारवण अर्धं झालं होतं. मधल्या घराची दाराकडची बाजू ओली, हाताच्या चंद्रकोरी उमटलेली; देव्हाऱ्याकडची अजून कोरडी. झुंबरबाईंचे हात शेणकाल्यात होते आणि नजर भिंतीवर. भिंतीवरून मुंग्यांची एक ओळ चालली होती. ती चुलीकडे जात नव्हती, फडताळाकडे जात नव्हती. सरळ वर, खुंटीला टांगलेल्या बंदुकीकडे जात होती.

"काबर वं माय?" त्यांनी मुंग्यांनाच विचारलं.

काबर म्हणजे का. हा शब्द झुंबरबाईंच्या तोंडात लहानपणापासून. माहेर बोदवडचं, वडील रेल्वेच्या फाटकावर गेटमन. गाडी दिसत नाही तर फाटक का लावलं, असं ही पोर रोज विचारायची. वडील म्हणायचे, "बाई, डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचं नसतं. आधी स्टेशनाला विचारायचं, मग फाटकाला हात लावायचा." ते तिच्या मनात पक्कं बसलं. लग्न होऊन अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या खेड्यात आल्या, तरी प्रश्न विचारणं काही सुटलं नाही. एकदा गावच्या सप्ताहात त्यांनी कीर्तनकारबुवांनाच विचारलं, की होळीत प्रल्हाद जळाला नाही हे खरं, देवाची कृपा; पण त्याचं धोतर कसं जळालं नाही? बुवा हसले आणि टाळकऱ्यांना म्हणाले, "वाजवा रे, वाजवा!" सासूबाई त्या दिवशी कानबाईपुढे हात जोडून बसल्या, म्हणाल्या, माय, ह्या सुनेच्या जिभेला जरा इसावा दे. कानबाईनं काही तो दिला नाही.

ही गोष्ट १९८९ सालची, दसरा नुकताच झालेला. नदीकाठच्या तुकड्यात भुईमूग उपटायला आला होता आणि त्याच्या वासानं रानडुकरं येऊ लागली होती. एका रात्रीत चार-पाच वाफे उकरून टाकायची, जणू नांगरच फिरला. घरात पीकराखणीचा परवाना होता आणि सासऱ्यांच्या वेळची दुनळी बंदूक होती. पण गेली काही वर्षं ती खुंटीवरच. खाली यायची ती फक्त खंडेनवमीला, हळदकुंकवापुरती.

झुंबरबाई मुंग्या बघत असतानाच त्यांचे यजमान हिलालआबा ओल्या सारवणावरून उडी मारून आत आले. हातात कापडी पिशवी.

"आज डुकरेसले दखाडस मी!" आबा म्हणाले. पिशवीतून त्यांनी हिरवीगार, चकचकीत काडतुसं काढली.

"कोनी दिन्हात?"

"साडूभाऊनी."

साडूभाऊ म्हणजे धनसिंगराव, झुंबरबाईंच्या धाकट्या बहिणीचे, बेबाबाईंचे यजमान. धुळ्याला देवपुरात घर, शिवारात बागायत आणि नुकतीच घेतलेली नवी कोरी बंदूक. साडू-साडूंचं कसं असतं ते सांगायला नको. एकानं सायकल घेतली की दुसऱ्याला मोटारसायकलची स्वप्नं पडतात. त्या नव्या बंदुकीपुढे आपली जुनीही कमी नाही, हे दाखवायची आबांना घाई झाली होती.

आबांनी बंदूक काढली, मोडून उघडली, एक हिरवं काडतूस डाव्या नळीत सोडलं. "देख, कसं गपकन बसनं! जसं ह्याच बंदुकनी करता बनाडेल."

"आन् ह्या मुंग्या काबर बंदुकवर?"

"खोबरेल लावेल शे. तू तुन्हं सारवन कर."

झुंबरबाईंचं लक्ष मात्र आता काडतुसावर होतं. देव्हाऱ्यात त्यांचा एक पत्र्याचा डबा होता. सासऱ्यांनी उडवलेल्या कागदी काडतुसांची रिकामी नळकांडी त्यात उभी करून ठेवलेली, आणि एकेकात कापसाच्या फुलवाती. त्यात एक हिरवं नळकांडंही होतं. मागच्या वेळी देवपूरला गेल्या तेव्हा बेबाबाईंनी रंग छान म्हणून दिलेलं. पण ते ठेवल्यापासून डब्याचं झाकण लागत नव्हतं. त्यांनी हात धुतले, ते रिकामं हिरवं नळकांडं आणलं आणि आबांच्या भरलेल्या हिरव्याशेजारी उभं केलं. एकाच जातीची दोन्ही. भरलेलं आखूड, रिकामं लांब.

"देखा बरं. मानूस पोट भरनं की पसरस. हाई तं रिकामं व्हयनं की पसरस. काबर?"

"माले काय ठाऊक!"

"ठाऊक नही तं उडाडू नका. बठ्ठी जुनी नळकांडी डबामा मावतीस, हाई एकच मावत नही. डबामा मावत नही ते बंदुकमा कसं मावी?"

"अवं, बसनं ना!"

"बसनं आखूडपने. उडानंतर लांब व्हई तव्हय कोठे जाई?"

आबा चिडले. "साडू माले हासी! म्हनी, बायकोले इचारीसन बंदूक उडाडस."

"हासू द्या. हासानं कोनं काई जात नही. वनाबाबाना हात देखात ना?"

वनाबाबा त्यांच्याच गल्लीतले. तरुणपणी ठासणीची बंदूक हातात फुटली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. अजून तंबाखू डाव्या हातानं मळतात. त्यांचं नाव निघाल्यावर आबांनी काडतूस नळीतून बाहेर काढलं, पण तोंड वाकडं करूनच. भुईमूग एकीकडे आणि धन्याचे हात-डोळे एकीकडे. झुंबरबाईंना त्यात तोलण्यासारखं काही वाटेना. त्या रात्री त्यांनी शेजारच्या लताबाईंना सोबत घेतलं आणि शेतावर पत्र्याचे डबे बडवून वेळ निभावली. सकाळी पहिल्या एस.टी.नं दोघं जाणकाराला विचारायला धुळ्याला निघाले, बंदूक आणि हिरव्या काडतुसांची पिशवी गोधडीत गुंडाळून.

"अक्का, गोधडीत काय?" कंडक्टरनं विचारलं.

"बंदूक."

"मग तुम्ही बसा सावकाश. तिकीट काढा म्हणायची माझी हिंमत नाही!"

आबांनी परवाना दाखवला, तिकिटंही काढली.

जुन्या धुळ्यात एका गल्लीत रतिलालशेठचं बंदुका-काडतुसांचं दुकान होतं. शेठ गादीवर, गळ्यात तुळशीची माळ, मागे देवाची तसबीर आणि तिच्याखाली काडतुसांची कपाटं. झुंबरबाईंना राहवलं नाही.

"शेठ, गळ्यात माळ आणि काडतुसं विकता?"

"विकतो, अक्का, उडवत नाही. दिवाळीत लवंगी फुटली तरी मी कानात बोटं घालतो." शेठ हसले आणि बंदुकीकडे वळले. नळीवर बोट फिरवत म्हणाले, "वा! ही लाटांची नक्षी पाहिली का आबा? लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी. जुनं काम. कागदी काडतुसाच्या जमान्यातली."

मग त्यांनी नळीच्या मागच्या तोंडात पितळेचं एक माप घातलं. काडतूस जिथे बसतं त्या जागेला ते घर म्हणत. "घर अडीच इंचाचं. आणि ही हिरवी पावणेतीन इंची."

"पन ती तं आखूड दिसतीस," आबा म्हणाले.

"आता दिसतात. तोंड बघा. मोदकाच्या पाकळ्या मिटवतात तसं मिटवलंय. बार उडाला की पाकळ्या उघडतात आणि काडतूस लांब होतं. तुमच्या घरात तेवढी जागाच नाही. पाकळ्या पुढच्या अरुंद नळीत शिरणार, छर्रे त्यातून चेंगरून जाणार, आणि अडलेला जोर मागे येणार. म्हणजे तुमच्या तोंडाकडे. त्यात ह्या नव्यांची दारूही जोराची. पिळाच्या नळीला ती सोसत नाही."

"पण बसतं तर खरं," झुंबरबाई म्हणाल्या.

"तेच तर वाईट, अक्का. न बसतं तर कोणी उडवलंच नसतं. एखादेवेळी उडेलही सुखरूप. फुटायच्या वेळी बंदूक काही सांगून फुटत नाही."

शेठनी बंदूक उजेडाकडे धरली आणि नळीतून पाहिलं. डावी नळी पौर्णिमेच्या चंद्रासारखी स्वच्छ गोल. उजवीत अमावास्या. शेठच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी लांब गज आणून नळीत घातला, दाबला, पुन्हा दाबला. टपकन एक काळा चिकट गोळा गादीवर पडला. त्याला मुंग्या लागलेल्या आणि मधोमध सुपारीचं खांड.

"हे काय?" शेठ.

"गूळसुपारी," झुंबरबाई हळूच म्हणाल्या.

सासूबाईंची रीत होती ती. खंडेनवमीला शस्त्र उपाशी ठेवू नये म्हणून नळीच्या तोंडात गुळाचा खडा आणि सुपारी ठेवायची, दुसऱ्या दिवशी बंदूक वाकडी करून काढून घ्यायची. सासूबाई गेल्या, रीत राहिली. यंदा गूळ नरम होता, उकाड्यानं विरघळला असावा. दसऱ्याला बंदूक वाकडी केली तेव्हा काही पडल्याचा आवाज आला नाही. झुंबरबाईंना वाटलं, सुपारी घरंगळली असेल कुठेतरी.

"अक्का," शेठ म्हणाले, "नळीत बोळा अडकलेला असेल तर काडतूस नवं असो की जुनं, नळी फुटतेच."

आबा स्टुलावर बसले. घाम पुसला. मग बायकोकडे पाहिलं. "काडतूस लांब काबर, हाई तू इचारस. आन् नळीमा सुपारी कोनी कोंबी?"

"मीच," झुंबरबाई म्हणाल्या. "म्हनीसन तं इचारनं पडस ना! मुंग्याभी सांगी राहिंत्यात, तुम्ही म्हनात खोबरेल."

शेठ खो खो हसले. आबांनाही शेवटी हसू आलं. झुंबरबाईंनी तिथेच देवाला हात जोडले आणि ठरवलं, पुढच्या वर्षीपासून शस्त्राचा नैवेद्य ताटात, नळीत नाही. सासूबाई वरून रागावल्या तर रागावोत.

"आता अडीच इंचीच द्या, कागदी," आबा म्हणाले. "पन मोठा छर्रावाली. एक डुक्कर तरी लोळू द्या."

"कोणता नंबर देऊ? सहा, आठ?"

"आठ मोठा ना?" झुंबरबाईंनी विचारलं.

"उलटं, अक्का. नंबर वाढतो तसा छर्रा बारीक."

"सुतासारखं!" त्यांना एकदम उलगडलं. अमळनेरच्या कापसाच्या बाजारात ऐकलेलं होतं, नंबर मोठा तितकं सूत तलम. "मग आठच द्या. बारीकातलं, हलक्या दारूचं. आपल्याला आवाज पाहिजे, जीव नको."

"डुकरेसनी बरी दया उनी तुले," आबा म्हणाले.

"परवाना राखणीचा शे, शिकारना नही. आन् वराह देवना अवतार शे. त्याले हाकला, मारू नका. बार वर आभायकडे काढा, मानसं-ढोरं नहीत ते देखीसन."

रतिलालशेठनी कपाटाच्या तळातून लाल कागदी काडतुसांचं एक पाकीट काढलं. परवान्यावर नोंद करता करता त्यांनी बजावलं, की उजव्या नळीला आतून गंज धरलाय. कारागिरानं पाहिल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, तोवर फक्त डावी. झुंबरबाईंनी ते आबांकडून तीनदा वदवून घेतलं. शेठ म्हणाले, "अक्का, तुम्ही दुकानात बसत जा. मला गिऱ्हाईकाशी बोलायचे कष्ट नकोत."

उरली ती हिरवी काडतुसं. आबा पिशवी पुन्हा गोधडीत खुपसू लागले.

"घर ठेवूत. कव्हयतरी कामे येतीन."

"घर ठेवनात तं एक दिन भरशात," झुंबरबाई म्हणाल्या. "साडूनी चिडवं की भरशात."

"ज्याच्या परवान्यावर घेतली त्याच्याच घरी असावीत," शेठही म्हणाले.

आबा घुटमळले. "मी नही जाव. साडू म्हनी, फुकट दिन्हं तेबी पचनं नही."

"तुम्ही जाऊच नका. बंदूक लिसन स्टँडवर बसा. साडूले मी सांगस, आमनी बंदूक जुना घरानी शे, तिले नवा पाव्हना चालत नही."

आबा हसले आणि त्यांनी पिशवी सोडली. झुंबरबाईंनी ती पदराखाली घेतली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पांझरा नदीच्या पुलाकडे निघाल्या. देवपूरला जाऊन धनसिंगरावांची काडतुसं परत द्यायची होती.