गाठ माझ्याशी हाय!

घोडेगावापासून आळेफाट्यापर्यंतची सगळी माणसं मिळून जन्मभरात जेवढी रागावली नसतील, तेवढ्या आमच्या थोरल्या सिस्टर एका ड्युटीत रागवायच्या. पंखा कुरकुरला की पंख्यावर, सलाईन अडलं की बाटलीवर, आणि कोणीच सापडलं नाही तर माझ्यावर. मी त्यांच्या हाताखालची नर्स, म्हणजे हक्काचीच! त्यातून मानेतल्या मोठ्या शिरेत नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, घालायची असली की बघायलाच नको. हिरव्या निर्जंतुक चादरी अंथरल्या की तिथं माशीनंसुद्धा त्यांना विचारून यावं. एकदा डॉक्टरांनी नकळत चष्मा सावरला, तर "बदला हातमोजे! लग्नाचा मांडव हाय का ह्यो?" म्हणून त्यांनाच झापलं.

एकदा अवसरीच्या एक मावशी आल्या. किडन्या गेलेल्या, छातीत पाणी, डायलिसिस लगेच हवं. मानेच्या एका बाजूची शीर आधीच निकामी झालेली. दुसऱ्या बाजूनं नळी गेली तरच धडगत. डॉक्टरांनी सुई उचलली, तेवढ्यात मावशींच्या थोरल्या दिरांनी दार ढकलून मुंडकं आत घातलं. "झालं का वो?" दिरांचा आवाज ऐकताच त्या अर्धमेल्या बाईनं चादरीखालून हात काढला आणि ती डोक्यावर पदर ओढायला गेली! हात थेट स्वच्छ केलेल्या मानेवर. सगळं मुसळ केरात.

सिस्टरांचा जो भडका उडाला! "ओ पावणं, नळी घालायची का तुमचा मानपान करायचा? व्हा भाईर!" डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, जरा हळू." "तुमी सुईकडं बघा!" मीही संतापले होते. दिरांवर, आणि त्याहून त्या रीतीवर. बाईला श्वास पुरत नाही, आणि काळजी कसली, तर डोकं उघडं असल्याची!

मान पुन्हा पुसली, नव्या चादरी घातल्या. मग सिस्टर चादरीच्या कडेनं आत वाकल्या आणि मावशींचा हात धरून त्यांच्यावर खेकसल्या, "ही चादर म्या तुमच्या डोक्यावरनं घेतलीय. ह्योच पदर. आता दीर येऊ द्या न्हाईतर सासरा, हात हलला तर गाठ माझ्याशी हाय!" धापा टाकता टाकता मावशी खुदकन हसल्या. "हसू बी नका!" सिस्टर आणखी भडकल्या, पण मावशींचा हात त्यांनी सोडला नाही. नळी गेली.

बाहेर दीर रडत होते. "जगंल नव्हं ती?" "जगंल! पुसा डोळं!" तिथंही ओरडल्याच. आणि मावशी जगल्या.

सिस्टर आता निवृत्त झाल्यात. चादरी मी अंथरते, आणि ओरडतेही मीच, अगदी त्यांच्याच पट्टीत. पण त्या ओरडल्या की पेशंटची भीती जायची. मी ओरडले की तो आणखी घाबरतो. मग मी चादरीखाली त्याचा हात शोधते.